अनुभव धागा: वाहतूक खात्यातील प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रशिक्षण

जुना_तुकोगंज

इंदूरच्या एबी रोडवरील बीआरटीएसचे (फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचे) कठडे निघू लागल्यापासून एक जुने प्रशिक्षण डोक्यात घोळत आहे, म्हणून हा धागा काढतो. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक ही सुमारे साडेअकरा किलोमीटरची मार्गिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती काढण्यास मोकळीक दिली. ती हवी होती की नको, हा वाद येथे नको. त्यावर आपल्या मंडळींनी पुष्कळ चहा संपवला आहे. मला आठवले ते एवढेच की वाहतुकीचे कोणतेही काम, बांधण्याचे असो वा पाडण्याचे, चालत्या रस्त्यावर करावे लागते.

मी एका सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या लेखा शाखेत होतो. आम्हाला प्रकल्प व्यवस्थापन शिकवायला बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या. अभियंते, लेखापाल, डेपोचे फोरमन आणि टाइमकीपर असे सगळे एकाच सभागृहात बसवले होते, त्यामुळे सकाळचा बराच वेळ कोणी कोणाच्या शेजारी बसावे यातच गेला. बाईंनी क्रिटिकल पाथ, म्हणजे एकावर एक अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब वाट, जिच्यावर सगळ्या प्रकल्पाचा वेळ ठरतो, शिकवायला घेतला. ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत आकाराला आली, आणि देखभालीसाठी कारखाना कमीत कमी वेळ बंद कसा ठेवावा, हा तेथील एक प्रश्न होता, असे त्यांनी सांगताच आमच्या फोरमनने हात वर केला. "मॅडम, त्यांनी कारखाना बंद ठेवला. आम्ही पहाटे डेपो बंद ठेवला तर साडेपाचला साहेबांच्या घरी फोन वाजेल."

बाईंनी फळा पुसला आणि उदाहरणच बदलले: चालू डेपोत, एकही फेरी रद्द न करता, तपासणीचा जुना पिट (गाडीखाली उतरून काम करण्याचा खड्डा) पाडून नवा बांधा. प्रत्येकाने आपापली कामे चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर डकवली. अभियंत्यांच्या चिठ्ठ्यांवर तोडफोड, खोदाई, सळई, काँक्रीट असे ओळीने होते. फोरमनने त्यांच्या मधोमध वाकड्या अक्षरांतील तीन चिठ्ठ्या घुसवल्या: "रात्री गाड्या कुठे उभ्या?", "ग्रीसवाला कुठे बसेल?" आणि "पाऊस". काँक्रीटच्या ताकदीसाठी २८ दिवसांचा हिशेब धरतात, हे अभियंत्यांना पाठ होते; परंतु त्या काळात उरलेल्या पिटावर जास्त गाड्या येणार, म्हणजे रात्रपाळीत माणसे वाढणार, म्हणजे ओव्हरटाइमची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीच हातात हवी, ही साखळी कोणाच्याही तक्त्यात नव्हती. भिंतीवरची सर्वांत लांब वाट अखेरीस काँक्रीटमधून न जाता लेखा शाखेच्या फाइलीतून गेली, आणि सगळे सभागृह माझ्याकडे वळून पाहू लागले.

बस, रेल्वे, मेट्रो, कोठेही असलेल्यांनी असे प्रशिक्षण घेतले किंवा दिले असल्यास जरूर लिहावे.

सुदामानगरची

काका, तुमची फाइल वाचून आमचा जबाबदारीचा तक्ता आठवला. डावीकडे कामे, वरच्या ओळीत माणसे, आणि एकच अट: प्रत्येक कामासमोर उत्तरदायी माणूस एकच असला पाहिजे. आमच्या गटाने तिकीट यंत्रे बदलण्याचा प्रकल्प घेतला होता. जुनी यंत्रे परत घेणे, नवे भाड्याचे टप्पे भरणे, कंडक्टरांना शिकवणे, सुरुवातीच्या दिवसांसाठी छापील तिकिटांचा साठा जवळ ठेवणे, अशी कामे आम्ही झपाझप लिहिली आणि निम्म्याहून अधिक कामांसमोर "संबंधित विभाग" असे लिहून मोकळे झालो. प्रशिक्षकांनी शांतपणे आपला मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "लावा फोन संबंधित विभागाला."

खरे शिक्षण मात्र मागे बसलेल्या एका कंडक्टरने दिले. नव्या यंत्राची चाचणी कार्यालयात दहा मिनिटांत उरकून शेरा मारायचा, असे आमच्या योजनेत होते. तो म्हणाला, "बॅटरी दुपारी तीनला संपते आणि चार्जर डेपोत असतो. तीन वाजता मी विजयनगरला असतो." तेव्हापासून यंत्र ताब्यात घेण्यापूर्वीची चाचणी पूर्ण पाळीची, भर गर्दीच्या मार्गावर आणि कंडक्टरच्याच हातून झाली पाहिजे, असे मी प्रत्येक निविदेच्या मसुद्यात लिहिते. कुकर लावायचा आहे, पुढचे नंतर.

पोहे_जिलेबी

आमच्या प्रशिक्षणातील जोखीम नोंदवहीत कोणीतरी गमतीने लिहिले होते: "जेवणानंतर श्रोते झोपण्याची शक्यता: अधिक. परिणाम: मध्यम. उपाय: दोन वाजता कडक चहा. जबाबदारी: कँटीनवाले." सगळी नोंदवही तपासल्यावर लक्षात आले की उपाय आणि जबाबदार माणूस, दोन्ही लिहिलेली तेवढी एकच ओळ होती. बाकी ठिकाणी "योग्य ती दक्षता घेण्यात येईल".

जुना_तुकोगंज

भिया, ती नोंदवही जपून ठेवायला हवी होती.

महूवाले_मामा

तुकोगंजकरांच्या फोरमनचे म्हणणे मला पटले, तरी रेल्वेत आम्हाला रूळ बंद ठेवता येतात, फक्त मिनिटे मोजून. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. वडोदऱ्याच्या लालबागेतील प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे स्टाफ कॉलेज होते आणि आता तेथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. तेथील एका वर्गात मला ब्लॉकचे नियोजन पहिल्यांदा नीट समजले, जरी त्याआधी मी कित्येक रात्री रुळांवर काढल्या होत्या. कागदावर ब्लॉक तीन तासांचा असला तरी वरच्या तारांचा वीजपुरवठा बंद करणे, यंत्र जागेवर आणणे आणि शेवटी तपासणी करून मार्ग परत देणे हे वजा केले की हाताशी काम करायला दोन तासही उरत नाहीत. म्हणून कामाच्या वेळेबरोबर माघारीची वेळही आधीच ठरवायची: अमुक वाजेपर्यंत जुना रूळ कापला गेला नसेल तर तो कापायचाच नाही, सामान उचलायचे आणि परत यायचे. तरुण अभियंत्यांना हे फार जड जाते, कारण अर्धवट सोडून परतण्यात त्यांना कमीपणा वाटतो. पण सकाळच्या पहिल्या गाडीला त्यांच्या मानापमानाशी काही देणेघेणे नसते.

एक तक्रार मात्र नोंदवतो. प्रत्येक प्रशिक्षणात रेल्वेचे अभियंते श्रीधरन साहेबांनी १९६४ च्या चक्रीवादळानंतर रामेश्वरमजवळचा पांबनचा रेल्वे पूल ४६ दिवसांत उभा केल्याची गोष्ट सांगतात आणि तेथेच थांबतात. वाहून गेलेले गर्डर समुद्रातून शोधून काढून पुन्हा वापरले, म्हणून नव्या गर्डरांची वाट पाहावी लागली नाही, हा त्यातील शिकण्याजोगा भाग. वेग कोठून आला ते न सांगता नुसते दिवस सांगितले की ऐकणारा टाळ्या वाजवतो आणि चहाला जातो.

निमाडी_खडूस

सगळे ठीक आहे, पण मुळात शिकवतात ते कोणाला? मध्य प्रदेश राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. इंदुरात २००६ मध्ये नवी सिटी बस आली ती सार्वजनिक कंपनीच्या छत्राखाली, पण खासगी बस कंपन्यांच्या गाड्या घेऊन. म्हणजे आजच्या कर्मचाऱ्याच्या हातात पाना नाही, करारनामा आहे. त्याला कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल ते दाखवणारे रंगीत पट्ट्यांचे तक्ते शिकवणे म्हणजे कागदी घोडे नाचवणे.

वर्ग_घेणारी

निमाडीजी, मी अशी प्रशिक्षणे घेते आणि तुमचे अर्धे म्हणणे मान्य करते. सध्या माझ्या वर्गाचा मोठा भाग करारावरच जातो. बस चालवणाऱ्या कंपनीला प्रति किलोमीटर पैसे देण्याचा करार असेल तर गाडी रिकामी धावली तरी बिल येते. उलट तिकिटाचे उत्पन्न तिनेच ठेवायचे असेल तर रात्रीच्या आणि तोट्याच्या फेऱ्या हळूहळू गळू लागतात. आता यात रस्त्याचे काम घाला. पूल किंवा मेट्रोसाठी रस्ता वळवला की प्रत्येक फेरी लांबते, किलोमीटर वाढतात, बिल वाढते, आणि तेवढ्याच गाड्यांत तेवढ्याच फेऱ्या बसत नाहीत म्हणून जादा गाड्या लागतात. हा खर्च रस्त्याच्या प्रकल्पात कोणी धरत नाही, कारण तो दुसऱ्या संस्थेच्या वहीत पडतो. वर्गात मी हा हिशेब एका खऱ्या मार्गावर करायला लावते. आकडा फळ्यावर आला की नियोजनवाले आणि बसवाले एकमेकांचे फोन नंबर मागतात.

पट्ट्यांच्या तक्त्यांची मात्र एवढी टिंगल नको. जलवाहिनी, गटार, केबल हटवण्याची पट्टी कोणाच्या नावावर आहे, हे त्या तक्त्यातच उघड होते, आणि आपल्याकडे बहुतेक कामांचे घोडे तेथेच अडते.

राजवाडा_चौक

माझा भाचा इंदूर मेट्रोत आहे. घरच्या समारंभांत त्याला एकच प्रश्न विचारतात: गाडी तर केव्हाच धावली होती, मग तिकीट द्यायला इतका उशीर का? पायाभरणी सप्टेंबर २०१९ मध्ये झाली, चाचणी धाव सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि प्रवाशांना गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३ हा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा टप्पा मिळाला तो ३१ मे २०२५ रोजी. तो सांगतो की बांधकाम संपणे आणि सेवा सुरू होणे यांच्यामधील काळ योजनेत स्वतंत्र धरायचा, हा त्यांच्या प्रशिक्षणाचा मुख्य धडा होता. सिग्नल, गाडी, दरवाजे आणि दूरसंचार एकमेकांशी जुळवून तपासावे लागतात. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. आणि चालकांना व स्थानक नियंत्रकांना खऱ्या मार्गावर सरावही हवा असतो. गंमत अशी की चाचणीवाल्यांना आणि सराववाल्यांना एकच रूळ हवा असतो. म्हणून त्यांनी उद्घाटनाच्या तारखेपासून उलटे मोजत तक्ता मांडला, आणि भरती किती आधी व्हायला हवी होती ते पाहून वर्गात काही काळ कोणी बोलले नाही म्हणे.

सुदामानगरची

परत आले. सरवटे बसस्थानक पाडून नवे बांधले, त्यावर आम्हाला एक सराव दिला होता: काम चालू असताना प्रवाशांसाठी फलक लिहा. पंचवीसजणांच्या वर्गात जवळपास सर्वांनी "असुविधा के लिए खेद है" असेच लिहिले. खंडव्याची गाडी कोठून सुटेल आणि तेथे रिक्षाने किती लागतील, हे लिहिले फक्त एका टाइमकीपरने.

नवा_भरती

सरवटे म्हणजे कोण, हे कधी विचारलेच नाही.

महूवाले_मामा

विनायक सीताराम सरवटे, संविधान सभेचे सदस्य, आपले इंदूरचेच. आता मूळ विषयावर या.

नवा_भरती

धन्यवाद, मामा. माझे पहिले प्रशिक्षण सोमवारी आहे, आणि आमच्या गटाला एका टर्मिनसचे नूतनीकरण हा विषय दिला आहे. वास्तुविशारदांचे नकाशे मिळाले आहेत. सोबत आणखी काय नेऊ?

जुना_तुकोगंज

नकाशे इतरांकडेही असतील. तुम्ही तेथून तासागणिक किती गाड्या सुटतात आणि एका वेळी किती उभ्या राहतात, याचा तक्ता न्या. म्हणजे कोणता फलाट कोणत्या वेळेत मोकळा करता येईल, हे बोलता येईल.

वर्ग_घेणारी

आणि तो तक्ता छापील वेळापत्रकावरून करू नका. टाइमकीपरांना नम्रपणे विचारून त्यांच्या वहीतील मागच्या महिन्याच्या पानांचे फोटो घ्या. गाडी प्रत्यक्षात किती वाजता सुटली ते त्या वहीत असते, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या दोन्हींत जो फरक पडतो त्यावरच तुमच्या कामाचे टप्पे ठरतील.