वाय-फाय ६ राउटरचे ईव्हीएम : एकाच बोर्डाचे दोन आकडे, अहवालात कोणता द्यावा?

नमस्कार. मी राउटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चाचणी विभागात काम करते. आमच्या वाय-फाय ६ बोर्डाचे ईव्हीएम, म्हणजे सिग्नलच्या आलेखावरचा प्रत्यक्ष बिंदू आदर्श जागेपासून किती ढळतो याचे माप (आकडा जितका अधिक उणे, तितका चांगला), मोजताना मी अडले आहे. पट्टा ५ गिगाहर्ट्‌झ, चॅनेल ८० मेगाहर्ट्‌झ, मॉड्युलेशन १०२४-क्वाम, म्हणजे एका वेळी १०२४ ठरलेल्या बिंदूंपैकी एक पाठवण्याची पद्धत. यासाठी ८०२.११एएक्स, म्हणजे वाय-फाय ६ च्या मानकाची मर्यादा उणे ३५ डेसिबल, म्हणजे सुमारे १.८ टक्के आहे.

आमच्या ॲनालायझरवर, म्हणजे सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर, उणे ३६.२ डेसिबल आले. तोच बोर्ड, तेच फर्मवेअर आणि तीच पॉवर असताना बाहेरच्या प्रयोगशाळेने उणे ३३.८ दिले, म्हणजे बोर्ड नापास. केबल बदलून, कनेक्टर टॉर्क पान्याने पुन्हा आवळून पाहिले. फरक पडला नाही.

नंतर आमचीच एक चूक सापडली. आमच्या ॲनालायझरमध्ये चॅनेलचा अंदाज, म्हणजे सिग्नल वाटेत कसा बदलतो याचा अंदाज, प्रीॲम्बल (प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या, सुरुवातीचा ठरलेला भाग) आणि डेटा या दोन्हींवरून घेतला जात होता, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसत होता. मानकाप्रमाणे केवळ प्रीॲम्बलवरून अंदाज घेऊन २० फ्रेम मोजल्यावर उणे ३५.१ आले. बोर्ड जेमतेम उत्तीर्ण होतो, पण १.३ डेसिबलचा फरक उरतोच.

त्या प्रयोगशाळेच्या स्क्रीनचे चित्र मी बारकाईने पाहिले. बोर्डाचा ॲम्प्लिफायर जास्त पॉवरमुळे दबला असता तर कोपऱ्यातले बिंदू आत ओढले गेले असते. इथे मधले आणि कोपऱ्यातले बिंदू सारखेच पसरट आहेत. बाहेर ३० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) असूनही यंत्राच्या आतले अटेन्युएशन २० डेसिबलवर ठेवलेले होते. त्यामुळे सिग्नल यंत्राच्या स्वतःच्या नॉइजच्या फार जवळ गेला असावा, असे माझे मत आहे. त्या पातळीवर यंत्राचे स्वतःचे ईव्हीएम उणे ४० धरले, तर माझ्या उणे ३५.१ मध्ये ते मिळवून सुमारे उणे ३३.९ येतात, आणि हे त्यांच्या आकड्याशी जुळते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यंत्राचे ईव्हीएम त्याच पातळीवर मोजण्यासाठी सिग्नल जनरेटर लावला, तर त्याचा स्वतःचा दोषही त्यात मिसळतो. तो वेगळा कसा काढावा? आणि यंत्राचा वाटा वजा करून आलेला आकडा अहवालात देणे ग्राह्य धरतात का? गणित बरोबर असले, तरी इतक्या काठावरच्या बोर्डाला वजाबाकीच्या आधारावर उत्तीर्ण ठरवायला माझे मन धजत नाही. आतले अटेन्युएशन कमी करून पुन्हा चाचणी घ्यावी, अशी विनंती मी प्रयोगशाळेला करणार आहे. तेव्हा त्यांच्याकडून आणखी कोणती सेटिंग्ज लेखी मागून घ्यावीत, हेही कृपया सांगावे.