आवडता संगीतकार आणि थोर संगीतकार एकच असायला हवा का?

कसबेकर
परवा भरत नाट्य मंदिरातून जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचं 'कट्यार काळजात घुसली' पाहून निघालो. वाटेत मित्राने विचारलं, नाट्यसंगीतात सगळ्यात मोठा संगीतकार कोण? मी लगेच म्हणालो, अभिषेकीबुवा. टिळक रस्त्याला लागेपर्यंत माझं उत्तर मलाच खटकायला लागलं. त्याने मोठा कोण ते विचारलं होतं आणि मी लाडका सांगितला होता.

अभिषेकी मला घरातूनच मिळाले. आई पोळ्या करताना त्यांचं 'मत्स्यगंधा'मधलं 'गुंतता हृदय हे' गुणगुणायची. या प्रेमाला गुण कसे द्यायचे? उलट 'घाशीराम कोतवाल'मधलं भास्कर चंदावरकरांचं संगीत मी घरी कधीच लावत नाही. पण ते नाटक उभं आहे त्यावरच. 'श्रीगणराय नर्तन करी' म्हणत ब्राह्मणांची रांग डोलायला लागते, तीच पुढे भिंत होते, त्याच सुरांत कीर्तनाला लागून लावणी येते. हे संगीत काढा, नाटक उरत नाही. 'मानापमान'मधली पदं काढली तर धैर्यधर-भामिनीची गोष्ट तरी उरते. म्हणून माझ्या मते नाटकाचे संगीतकार म्हणून चंदावरकर मोठे, आणि आवडते अभिषेकीच.

षड्ज
अजिबात पटलं नाही. कान बाजूला ठेवून संगीताचं मोल कशाने ठरवणार? 'स्वयंवर' १९१६ चं. त्याचा प्रयोग आज क्वचित होतो, पण भास्करबुवा बखल्यांच्या चालीतलं 'नाथ हा माझा' यमन शिकणारी मुलं आजही हौसेने बसवतात. शंभर वर्षं लोकांना आवडत राहणं हीच थोरवी. पदं काढून बघायची तुमची कसोटी १९७२ च्या 'घाशीराम'ला सोयीची आहे. बालगंधर्वांच्या प्रयोगाला लोक मुळात गाणं ऐकायला जायचे, वन्समोअरवर वन्समोअर घ्यायचे. त्यांच्या लेखी गाणं हेच नाटक होतं.

पेठेतली
गुण संगीतकाराला देताय की गायकाला? 'कट्यार' म्हटलं की माझ्या कानात वसंतराव देशपांडे येतात, चाल नंतर.

विंगेतून
मी हौशी संगीत नाटकांना बरीच वर्षं पेटीची साथ केली आहे, त्यामुळे जरा वेगळ्या जागेवरून बोलतो. नटाला संवादातून पदात कसं शिरता येतं आणि पदातून बाहेर कसं पडता येतं, यावर मी चाल जोखतो. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हा साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या, शब्द कळावेत म्हणून. गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले. त्यांनी 'मानापमान'मध्ये पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला. मग पदं लांबत गेली, तानांत गोष्ट थांबू लागली. अभिषेकींनी पद पुन्हा आटोपशीर केलं. त्यांच्या चाली वाजवताना मला पुढच्या संवादाची वाट मोकळी दिसते. ही कामगिरी आवडीनिवडीपलीकडची आहे.

आणि कसबेकर, तुमचीच कसोटी 'कट्यार'ला लावा. 'घेई छंद मकरंद' दोन चालींत आहे, नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गवयांच्या, एक पंडितजींची, एक खाँसाहेबांची. शब्द तेच, घराणी दोन. भांडण काय आहे हे प्रेक्षकाला तिथे ऐकूनच कळतं. त्या दोन चाली काढल्यात तर नाटकात काय राहतं?

कसबेकर
विंगेतून, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परवा तेच ऐकून बाहेर पडलो होतो आणि तरी आवडीच्याच खात्यात टाकलं. 'कट्यार'पुरतं माझं म्हणणं मागे घेतो. अभिषेकींना चंदावरकरांच्या खाली बसवण्यात घाई झाली.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. 'गुंतता हृदय हे' काढलं तरी 'मत्स्यगंधा' चालेल, सत्यवतीची शोकांतिका जागची हलणार नाही. कसोटीवर ते पद मागे पडतं, तरी मला सगळ्यात प्रिय तेच.

षड्ज
मग सरळ सांगा, ते पद गाळलेलं 'मत्स्यगंधा' बघायला तुम्ही जाल?

कसबेकर
नाही जाणार. पण ते आईमुळे. ते बुवांच्या खात्यावर कसं मांडू?