मदत हवी आहे: आईला सीपीआर द्यायचा की नाही, कसं ठरवलंत तुम्ही?

आई ८६ वर्षांची, डिमेन्शिया आहे, दोन वर्षं पुण्यात केअर होममध्ये. मागच्या महिन्यात न्यूमोनिया होऊन आयसीयूत होती, परत आणल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले की हार्ट बंद पडलं तर सीपीआर द्यायचा का ते घरच्यांनी ठरवून लेखी द्या, हाडं इतकी ठिसूळ झालीत की छाती दाबली तर बरगड्या मोडायची भीती आहे. मला वाटतं नको, पण दादा न्यू जर्सीहून फोनवर म्हणतो सगळं करा (एकदा येऊन बघितलं असतं तर... असो). आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२० च्या गाइडलाइन्सप्रमाणे डीएनएआर, म्हणजे 'सीपीआर देऊ नका' असा लेखी निर्णय घेतला तर फक्त सीपीआर द्यायचा नाही, बाकी ट्रीटमेंट चालूच राहते, पण त्याला ते "आईला सोडून देणं" वाटतं.

लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत ते शुद्धीत असताना लिहून ठेवणं) आईने केलेलं नाही आणि आता नोटरीसमोर सही कुठली, तिला मीच ओळखू येत नाही. उपचार थांबवायचे तर सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या नियमात मान्यता द्यायला तीन-तीन डॉक्टरांची दोन बोर्डं आहेत, ती हॉस्पिटलमध्ये, मग केअर होममध्ये कागद कोणी करायचा? रात्री काही झालं तर स्टाफ १०८ लाच फोन करणार, ॲम्ब्युलन्सवाले तो कागद मानतात का? आणि भावंडांचं एकमत नसताना सही कोणी केलीत?