मदत हवी आहे: 2004 ची बीएमडब्ल्यू एम3 (ई46), पुढून खुळखुळ आणि मागून 'ठक्'

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी. गाडी 2004 ची कूपे, सहा गिअरची मॅन्युअल, 96,000 मैल. इंग्लंडात असल्याने दर हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून फिरलेली. सर्व्हिस बुकात शेवटचं टॅपेट सेटिंग (वॉल्व्हची फट जुळवणं) 61,000 मैलांवर दिसतं. तीन गोष्टी अडल्या आहेत.

पहिली: इंजिन तापल्यावर न्यूट्रलमध्ये डब्यात गोट्या हलवल्यासारखा खुळखुळ आवाज येतो. 2,000 आरपीएमच्या वर तो ऐकू येत नाही. दुसरी: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून एकच 'ठक्'. तिसरी: बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या सांध्यातली) आत्ताच बदलावीत का? पैसे एकदम सगळ्यावर घालता येणार नाहीत, म्हणून क्रम सांगा. जॅक, घोड्या, टॉर्क रेंच घरी आहे. वेल्डिंग येत नाही.

अकराचा पाना:
आवाज व्हॅनॉसचा (वॉल्व्हचं टाइमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) असं आधीच धरू नका. गाडी तापवा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्लच पूर्ण दाबा. आवाज बंद झाला तर तो गिअरबॉक्स आणि ड्युअल मास फ्लायव्हीलचा (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांच्या जड चाकाचा) आहे. या गिअरबॉक्सला तशी सवयच आहे, क्लच बदलायची वेळ येईपर्यंत त्यावर खर्च नको.

क्लच दाबूनही आवाज तसाच राहिला, तर मात्र गाडी चालवणं थांबवा. या इंजिनाचं व्हॅनॉस 100 बारच्या वर ऑइल प्रेशरवर चालतं. त्याचा पंप एक्झॉस्ट कॅमशाफ्टवरून फिरतो. कॅमच्या हबवर दोन छोट्या जिभा असतात, त्या पंपाच्या चकतीच्या दोन भोकांत बसतात. भोकं जिभांपेक्षा सैल, त्यामुळे जीभ हजारो वेळा आपटत राहते आणि कधीतरी मोडते. मोडलेला तुकडा टाइमिंग चेनच्या बाजूने खाली ऑइल संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडला तर नशीब. चेनमध्ये अडकला तर वॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही गेले.

जिभा खात्रीने पाहायच्या तर व्हॅनॉस युनिट उतरवावं लागतं. पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वर), क्रँक पिनने लॉक, कॅमवर ब्रिज (कॅम जागेवर धरणारं हत्यार). क्रँक हाताने फिरवताना चालत्या दिशेनेच फिरवा. एवढं उघडलंच तर नेमक्या मापाच्या भोकांची चकती घाला, आतली सील बदला आणि बोल्ट ढिले आहेत का ते तपासा. जोडल्यावर लॅपटॉपवर इन्पा (बीएमडब्ल्यूचं तपासणीचं सॉफ्टवेअर) लावून व्हॅनॉस टेस्ट चालवा. टाइमिंग किंचित चुकलं तरी तिथे दिसतं.

टॅपेट कव्हर निघालंच आहे तर सेटिंगही करून टाका. हे काम साधारण 30,000 मैलांनी करायचं, म्हणजे तुमचं उशिरा आहेच. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं उत्तम. इनटेक 0.18 ते 0.23 मिमी, एक्झॉस्ट 0.28 ते 0.33 मिमी. फीलर गेज हलकं ओढ घेत सरकलं पाहिजे. फट चुकीची असेल तिथे रॉकरची क्लिप काढा, रॉकर बाजूला सरकवा आणि खालची फट ठरवणारी चकती (शिम) चुंबकाने उचला. चकतीवर छापलेला आकडा झिजून पुसट होतो, म्हणून मायक्रोमीटरने मोजा. नवी जाडी म्हणजे जुनी जाडी अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. काम सुरू करण्याआधी आत जाणारी सगळी भोकं स्वच्छ फडक्याने बुजवा. ती क्लिप बोटातून उडते, आणि आत पडली तर संप उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

सांधेजोड:
मागच्या 'ठक्'चं बोलतो, कारण या गाडीत सगळ्यात महाग पडणारी गोष्ट तीच आहे. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शिअल धरणारी चौकट) चार ठिकाणी बॉडीला लटकतो. त्या जागचा पत्रा पातळ आणि स्पॉट वेल्डने जोडलेला. प्रत्येक वेळी अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की डिफरन्शिअलचा (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) झटका रबरी बुशमधून त्या पत्र्यात जातो. बुश म्हातारे झाले की झटका वाढतो, आणि पत्रा थकून स्पॉट वेल्डभोवती फाटतो.

तपासणी अशी करा. मागची बाजू घोड्यांवर घ्या, चाकं काढा. चारही माउंटभोवतीचं काळं अंडरसील तारेच्या ब्रशने खरवडून नागडा पत्रा उघडा पाडा आणि टॉर्च तिरपा धरा. भेग स्वतः केसासारखी असते, नुसत्या नजरेला चुकते. दिसतो तो तिच्यातून झिरपलेला गंजाचा तपकिरी ओघळ. अंडरसील कुठे ताजं आणि चकचकीत दिसलं तर तिथे जास्त वेळ घाला, विकण्याआधी भेग झाकायला ते फासलेलं असू शकतं. एमओटीमध्ये (इथल्या वार्षिक वाहन तपासणीत) झाकलेला पत्रा उघडून पाहत नाहीत, त्यामुळे स्वच्छ एमओटीवर विसंबू नका. पूर्ण खात्री सबफ्रेम खाली उतरवूनच होते.

आवाज मात्र दुसरीकडूनही येतो. ट्रेलिंग आर्मचे (मागच्या चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, डिफरन्शिअलचा बुश, शॉकचे वरचे माउंट, प्रॉपशाफ्टची रबर चकती हे आधी पाहा. पहारीने हलकं उचकून रबर फाटलेलं दिसतं का? ट्रेलिंग आर्म उतरवण्याआधी ब्रॅकेटच्या जागी रंगाने खूण करा. भोकं लांबट असतात, तिथूनच टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो. बुशचा बोल्ट आर्म लटकलेला असताना आवळू नका. ब्रॅकेट आर्मशी ठरलेल्या कोनात धरून आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. नंतर चार चाकांचं अलाइनमेंट.

दहा साठ:
बेअरिंगबद्दल. 2001 ते 2003 च्या गाड्यांसाठी कंपनीनेच बेअरिंग बदलायची मोहीम काढली होती. तुमची त्यानंतरची आहे, पण 8,000 आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या इंजिनात 96,000 मैलांवर झीज असणारच. आंधळेपणाने संप खोलू नका, आधी पुरावा जमवा.

ऑइल 10डब्ल्यू-60, फिल्टरसह 5.5 लिटर. पातळ ऑइल घालू नका. गरम ऑइल काढताना धारेच्या मध्यावर नमुना घ्या आणि प्रयोगशाळेत पाठवा. रिपोर्टात शिसं, कथील, तांबं यांचे आकडे पाहा. एका रिपोर्टवरून फारसं कळत नाही, दोन-तीन बदलांत आकडे चढत गेले तर कळतं. फिल्टर कागदी आहे, त्याच्या घड्या उलगडून उन्हात धरा. तांबूस चमकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला. चुंबकाला चिकटणारा कण दिसला तर ते पोलाद, म्हणजे पानेसाहेब सांगतात ती जीभ किंवा चेन.

बेअरिंग बदलायची ठरलीच तर रॉडचे बोल्ट नवे घ्या, ते ताणून बसतात, पुन्हा वापरायचे नसतात. टॅकोमीटरवरचे दिवे विझेपर्यंत इंजिन ताणू नका, ते ऑइलच्या तापमानावरच चालतात. पेट्रोल 98 ऑक्टेन किंवा वरचं. कॉम्प्रेशन 11.5 आहे, स्वस्त पेट्रोल तिला मानवत नाही.

आणि कूलंटची प्लास्टिक टाकी वयाने तडकते, मैल कमी असले तरी. कधी बदलली त्याची नोंद नसेल तर थर्मोस्टॅट आणि होजसकट बदला.

रेडिंगकर:
तिघांचे मनापासून आभार. क्लच दाबल्यावर खुळखुळ पूर्ण थांबते. फिल्टरच्या घड्यांत काही नाही, चुंबकाला काही चिकटलं नाही, नमुना पाठवला आहे. ट्रेलिंग आर्मचे दोन्ही बुश फाटलेले. पण पुढच्या डाव्या माउंटजवळ ओघळ आहे, आणि खरवडल्यावर त्याखाली साधारण दीड सेंटिमीटरची भेग दिसते. बुश बदलून सध्या चालवावी का?

सांधेजोड:
नको. भेग दिसली म्हणजे सबफ्रेम उतरवायचाच. एका ठिकाणी फाटलं तर बाकी तीनही उघडून पाहायला हवेत. बुशही त्याच वेळी करा, मजुरी एकदाच लागेल.

वेल्डिंग करणारा निवडताना त्याला विचारा: भेगेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडणार का? नाही पाडलं तर भेग वरून वेल्ड केलेल्या मजबुतीच्या पट्टीखालून पुढे सरकते. पट्ट्या चारही माउंटना हव्यात, फक्त फाटलेल्या जागी नकोत, नाहीतर ताण शेजारच्या पत्र्यावर जातो. मागची सीट आणि गालिचा काढून वरूनही भेग तपासायला सांगा. वेल्डिंगआधी बॅटरी सुटलेली असली पाहिजे. पेट्रोलची टाकी अगदी जवळ आहे, ती आणि तिचे पाइप कसे सांभाळणार ते आधी ठरवा. शेवटी प्रायमर, सीम सीलर आणि पोकळीत मेण. प्रत्येक टप्प्याचे फोटो मागून घ्या आणि सर्व्हिस बुकाला जोडा. तोवर गाडी हलवायचीच असेल तर हळू, आणि क्लच झटक्याने सोडू नका.