अनुभव धागा : ‘वरून निधी आला नाही’ हे ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?

ओटीवरून
काल गौरीच्या साड्या शोधायला माळ्यावरची ट्रंक उतरवली, आणि हाती आली एक पिवळी पडलेली कार्बन कॉपी. कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, त्यात पेनाने घातलेला आवक क्रमांक. २०१८ चं निवेदन. खाली ३४ बायका, त्यांत ११ अंगठे. पहिला अंगठा माझ्या आत्याचा.

आत्या संजय गांधी निराधार योजनेत. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे. त्या वर्षी चार महिने एक पैसा आला नाही. बँकेत जायची, पासबुक मशीनमध्ये सरकवायची, नवी ओळ उमटली नाही की घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवायची. कार्यालयात विचारलं की ठरलेलं उत्तर, “वरून अनुदान आलं नाही, आजी.” एकदा आत्याने सरळ विचारलं, “वर म्हंजे कुठं? सांगा, तिथं जाते.”

त्या प्रश्नापायी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आमच्या तालुक्याने या लेखाशीर्षाखाली (म्हणजे बजेटमधल्या या योजनेच्या खात्यात) किती मागितले, किती मंजूर झाले, किती आले, कधी वाटले. चारच ओळी. २७ व्या दिवशी उत्तर. मागणीच जुन्या यादीवर गेली होती! नव्याने मंजूर झालेल्या बायका त्यात नव्हत्याच. आलेले पैसे सगळ्यांना पुरेनात, म्हणून सगळ्यांचेच अडकवून ठेवलेले. तो कागद घेऊन आम्ही जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला गेलो, जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे. दीड महिन्यात चारही हप्ते जमा झाले.

या सगळ्यात ‘कपात’ हा शब्द कुणीच उच्चारला नाही. ‘यादी पाठवलीय’, ‘साहेब मीटिंगला’, ‘पुढल्या सोमवारी या’, एवढंच. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. हाती काही लागलं नसलं तरी लिहा.

सेविका_२२वर्षं
पोरं आत्ता झोपलीत, पटकन लिहिते. मी अंगणवाडीत. २०१७ चा २६ दिवसांचा संप पण केला आणि २०२३ च्या ४ डिसेंबरपासूनचा ५२ दिवसांचा पण. मानधन हा एक मुद्दा झाला. दुसरा कोणी छापत नाही. वजनकाटा बिघडला की दुरुस्ती आमच्या खिशातून, अंगणवाडीचं भाडं थकलं की घरमालकाची बोलणी आम्ही खायची. २०२१ ला तर आम्ही सरकारी मोबाईल परत केले, दोन जीबीचा फोन, पोषणाची माहिती भरताना गरम होऊन बंद पडायचा.

५२ दिवसांच्या संपात मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर आझाद मैदानात एक मदतनीस बाई रोज रात्री गावाकडं फोन लावायची आणि तिच्या अंगणवाडीतल्या एका पोराचं नाव घेऊन विचारायची, त्यानं आज खाल्लं का. कमी वजनाचं पोर होतं. संपात होती पण जीव तिकडं. आम्ही काय हौसेनं बसतो का मैदानात.

मोहोर
ताई, वाचून डोळे भरले. त्या पोराचं पुढे काय झालं?

सेविका_२२वर्षं
आता शाळेत जातंय. दुसरीला.

पाणंद
आत्याचा अंगठा वाचून माझी आजी आठवली. हयातीचा दाखला द्यायला नेलं तर मशीन अंगठा घेईना. जन्मभर निंदणी-खुरपणी, रेषा राहिल्यात कुठं. चार वेळा हात धुतले, तेल लावलं, खोबरेल. माणूस समोर बसलंय, बोलतंय आणि मशीन म्हणतंय जुळत नाही. विषय थोडा वेगळा आहे पण असेही पैसे बंद होतातच ना.

खडूफळा
जि. प. शाळेत शिक्षक आहे. नोव्हेंबर २०२३ पासून शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला, अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या.

अंड्याच्या दिवशी हजेरी कशी असायची ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. तिसरीतली एक मुलगी पांढरं खायची आणि पिवळा बलक वहीच्या कागदात पुडी बांधून दप्तरात ठेवायची. घरी धाकटा भाऊ होता. निर्णय वाचला त्या दिवशी मला ती पुडीच दिसत होती. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली, पालकांनी ठराव केला, सह्या घेतल्या, आमदारांना नेऊन दिला. शेजारच्या सहा शाळांनीही केला. वेगळा निधी परत आलेला नाही. ठराव मात्र दर अधिवेशनाआधी नव्याने पाठवतो.

मोहोर
आमच्या गावात एक काकू त्यांच्या कोंबड्यांची अंडी शाळेला देतात, महिन्यातून दोनदा. देशी अंडी. मुलं त्यांना ‘अंडीमावशी’च म्हणतात 😄

खडूफळा
त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. पण ताई, जिथे शेत आणि कोंबड्या आहेत तिथे हे जमतं. वीटभट्टीवरच्या वस्तीत लोकसहभाग कुणाकडून मागू? तिथल्याच मुलांना अंड्याची सगळ्यात जास्त गरज.

हिशेबवही
रागावू नका, पण राज्याची तिजोरीही काही अक्षयपात्र नाही. कुठेतरी हात आखडावा लागणारच.

ओटीवरून
दादा, रागावले नाही. पण हात कुणापासून आखडायचा? निराधार योजनेत बसायला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात कोण जगतं? मदत ६०० वरून २०१९ ला १,००० झाली, २०२३ ला १,५००. आणि वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या माणसामागे २०० रुपये आहे, २००७ पासून तोच. तेव्हापासून डाळ-तेल कुठे गेलं ते घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

हिशेबवही
२०० चं माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्रीच उघड नाराज झाले होते, ते वाचलं होतं. तेव्हा मला ते पक्षांचं भांडण वाटलं होतं.

डोंगरपायथा
आमच्या शाळेचा पट १४. २०२३ ला समूह शाळेचं परिपत्रक निघालं, २० च्या आतल्या शाळा एकत्र करायच्या म्हणून. आम्हाला सांगितलं मुलांना गाडी मिळेल. गाडी येणार कुठून, मधे ओढा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. आम्ही बापयांनी मुलांना बरोबर घेऊन ती वाट चालून मोजली. ऐन श्रावणात. फोनवर अंतर भरलं साडेतीन किमी. ओढ्यात पाणी माझ्या मांडीपर्यंत, मग मुलाच्या कुठवर असेल. तिथेच फोटो काढला, ग्रामसभेच्या ठरावाला जोडला. ठराव ग्रामसेवक लिहून घेत नव्हते, बायांनी सांगितलं लिहिल्याशिवाय सभा उठणार नाही. रात्री नऊला लिहिला. शाळा चालू आहे. मास्तर एकच आहेत, पण चालू आहे.

पाणंद
तुमचा ओढा म्हणजे आमचीच गोष्ट. कुठला तालुका हो?

डोंगरपायथा
व्यनि (खाजगी निरोप) करतो.

सुईदोरा
२००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवायचं काम सुरू झालं, त्यात मी गावपातळीवर होते. जनसुनवाईला, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या सभेला, माइक हातात घ्यायला बायका घाबरायच्या. मग एकीने ब्लाउजमधून औषधाच्या दुकानाची बिलं काढली आणि टेबलावर एकेक मांडत गेली. सरकारी केंद्रात औषध नाही म्हणून बाहेरून घ्यायला लावलेलं, सगळी तारीखवार. काही बोललीच नाही. डॉक्टर गप्प, अधिकारी गप्प. तिचे पैसे परत मिळाले आणि पुढच्या महिन्यात औषधांचा साठा फळ्यावर लिहायला लागले. तेव्हापासून मी बिल फेकत नाही, भाजीचंसुद्धा.

मोहोर
माहिती अधिकाराला फी किती? आमच्या वाडीत दिव्यांगांचे पैसे अडकलेत.

ओटीवरून
१० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, कार्डाची प्रत जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. ‘पैसे का नाही आले’ असं विचारू नका, ‘का’ची उत्तरं टाळता येतात. मागितले किती, आले किती, तारखा कोणत्या, तेवढंच मागा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अजून एक, पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या सुमारास खालून वर जायला लागतात. मार्चमध्ये आरडाओरडा करून उपयोग कमी, निवेदन आत्ता द्या.

सेविका_२२वर्षं
हे पहिलं कोणीतरी नीट सांगितलं. स्क्रीनशॉट काढून आमच्या बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या ग्रुपवर टाकलं.

पाणंद
सांगायचं राहिलं, आजीचं शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला होता, त्याच डोळ्याने धरलं. घरी येईपर्यंत विचारत होती, “दुसऱ्याचं पण करून घेऊ का, पुढच्या साली लागंल.”

ओटीवरून
करून घ्या खरंच. आमच्या आत्याचा आत्ताच फोन आला. धाग्याचं सांगितलं, तर म्हणते तो कागद ट्रंकेत नको ठेवू, घडीवर फाटंल. लॅमिनेशन करून आण आणि येताना माझी औषधं पण आण.