मदत हवी आहे: ५.१ साठी पीसीच ठेवू की रिसीव्हर घेऊ?

नमस्कार भाऊ लोकहो, नागपूरला घरच्या हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर अन् एक सबवूफर) लावलंय, स्पीकर पॅसिव्ह (स्वतःचा अ‍ॅम्प नसलेले) आहेत अन् अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्याला सहा आरसीए (गोल पिनवाले) इनपुट आहेत पण एचडीएमआय नाही न् ऑप्टिकलही नाही. सध्या पीसीच्या मागच्या हिरव्या, काळ्या, केशरी जॅकमधून वायरी काढल्यात. व्हीएलसी प्लेअरमध्ये ५.१ ची फाइल मस्त वाजते, सबवूफरसकट, पण ब्राउझरमध्ये ओटीटी लावलं की पुढचे दोनच स्पीकर बोलतात आणि बारीक गुणगुण येत राहते ती वेगळीच. एचडीएमआयने टीव्हीला जोडून पाहिलं तर विंडोज फक्त स्टिरिओ दाखवतं. वायर बदलल्या, सगळं एकाच बोर्डावर लावलं, गुणगुण आहेच.

बजेट ३० हजार, सेकंडहँड चालेल. अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) नको, उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात ते ऐकणार कोण! टीव्हीला साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच बाहेर पाठवायची सोय) आहे, त्याची नवी आवृत्ती ईएआरसी नाही. आईलाही रिमोटने चालवता आलं पाहिजे, तिला माउस नको.

तर यूएसबीचं ५.१ साउंड कार्ड घेऊन गुणगुण जाईल का, की पीसीचा नाद सोडून रिसीव्हरच (एचडीएमआय इनपुटवाला अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा, आणि घेतला तर पीसी एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडल्यावर विंडोजमध्ये ५.१ चा पर्याय नक्की दिसतो ना?