मदत हवी आहे : ८०५१ सोडताना कॉर्टेक्स-एममधला कोणता कोअर घ्यावा?

सप्रेम नमस्कार. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना असून, शेतीपंपांच्या स्टार्टरचे नियंत्रक आम्ही आजवर इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या ८ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरच्या (एकाच चिपवरील छोट्या संगणकाच्या) कुळातील चिपवरच बनवत आलो आहोत. मूळ ८०५१ मध्ये ४ किलोबाइट रॉम आणि अवघी १२८ बाइट रॅम होती. तेवढ्यात भागवण्याची सवय जडल्याने (आणि खरे सांगायचे तर असेम्ब्ली भाषेच्या प्रेमापोटी) बदल लांबत गेला. आता तिन्ही फेजच्या करंटचे आरएमएस (बदलत्या करंटचे परिणामी) मूल्य काढायचे असल्याने आर्म कंपनीच्या ३२ बिटांच्या कॉर्टेक्स-एम कोअरकडे (प्रोसेसरच्या गाभ्याकडे) वळण्याचे ठरवले आहे.

त्यातल्या एम० या कोअरमध्ये भागाकाराची हार्डवेअर सोय नाही, २००४ मध्ये जाहीर झालेल्या एम३ मध्ये ती आहे, तर एम४ मध्ये डीएसपी (सिग्नलवरच्या गणिताच्या) इन्स्ट्रक्शन आणि ऐच्छिक फ्लोटिंग पॉइंट (दशांश गणिताचे) युनिटही मिळते. या कामाला एम० पुरेल, की थेट एम४ घ्यावा? शिवाय आमचे सर्व डिले (प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबवणारे भाग) १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल म्हणजे एक मायक्रोसेकंद, या हिशोबाने इन्स्ट्रक्शन मोजून लिहिलेले आहेत. ते टायमरवर कसे न्यावेत, हे ज्यांनी असा बदल प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.